खरज सुजलाय, जवारी बंद आहे : हेडफोन आणि अ‍ॅम्पची जोडी

मी मारतहळ्ळीतून बोलतोय, म्हणजे बेंगळुरूतून. नावात 'मराठा' ऐकू येतो म्हणून इथे पहिल्यांदा आलो तेव्हा मलाही जरा आनंद झाला होता. तो सिग्नलला अडकेपर्यंत टिकला. मधेच हॉर्न ऐकू आला तर तो आउटर रिंग रोडचा समजा. त्याहून मोठं काही गडगडलं तर एचएएलच्या धावपट्टीवरून विमान उडालं असेल. हे हवापाण्याचं बोलणं नाही, पुढे कामाला येणार आहे.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा: "दादा, हेडफोन चांगला घेतलाय, आता त्याला अ‍ॅम्प कुठला घेऊ?" मी याचं उत्तर बरीच वर्षं ब्रँडचं नाव सांगून देत होतो. ते का बंद केलं, ते आज सांगतो. त्यात माझे बाबा आहेत, कारण माझी चूक त्यांच्यामुळे कळली.

बाबा मिरजेचे. नोकरी शाळेत केली, पण संध्याकाळ सतारमेकर गल्लीत. स्वतः वाजवत नाहीत, गात नाहीत. फक्त ऐकतात. तंबोऱ्याची जवारी काढताना कारागिराच्या शेजारी बसून मान हलवणं किंवा न हलवणं, हा त्यांचा तीसेक वर्षांचा उद्योग. आई गेल्यावर मी त्यांना इथे घेऊन आलो. दोन खोल्यांचा फ्लॅट, भिंत इतकी पातळ की पलीकडच्या कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. तिथे स्पीकर लावणं शक्य नव्हतं. म्हणून माझा सेनहायझर एचडी ६०० त्यांच्या डोक्यावर चढवला आणि किशोरीताईंचा भूप लावला. ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आवाज छान आहे रे, पण लांब बसल्यासारखं वाटतंय. जरा पुढं सरकू दे की." व्हॉल्यूम आधीच पूर्ण होता. फोनला लावायच्या छोट्या डाँगलवर चालू होतं ते सगळं.

आता इथे थोडं गणित. घाबरू नका, सातवीचं आहे.

हेडफोनच्या डब्यावर दोन आकडे असतात. एक इम्पिडन्स, ओहममध्ये. दुसरा सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एक मिलिवॅट दिला तर किती डेसिबल आवाज निघेल. एचडी ६०० चे आकडे ३०० ओहम आणि साधारण ९७ डेसिबल. ख्यालाचं रेकॉर्डिंग ऐकताना सरासरी आवाज ७५-८० डेसिबलच्या आसपास ठेवला, तरी तबल्याची थाप आणि वरच्या सप्तकातली तान त्याच्या कितीतरी वर उडी मारते. जुन्या मैफिलींची रेकॉर्डिंगं तर मुळातच हळू भरलेली असतात. म्हणून मी ११० डेसिबलपर्यंत जागा धरतो. तिथे बसायचं नाही, तिथपर्यंत न फाटता जाता आलं पाहिजे, एवढंच. ९७ वरून ११० म्हणजे १३ डेसिबल वर, म्हणजे वीसपट पॉवर: २० मिलिवॅट. ३०० ओहमला २० मिलिवॅट द्यायला जवळपास अडीच व्होल्ट लागतात. करंट मात्र जेमतेम ८ मिलिअँपिअर.

डाँगल देतं साधारण १ व्होल्ट. त्यावर हा हेडफोन १०२ डेसिबलपर्यंत पोचतो. सिनेमाची गाणी ऐकायला भरपूर झालं, हळू भरलेल्या भूपाला कमी पडलं. बाबांना 'लांब बसल्यासारखं' वाटलं ते याच उरलेल्या ८ डेसिबलपायी.

आता दुसरं टोक. हायफायमॅनचा सुसवारा नावाचा प्लेनर हेडफोन आहे, किंमत लाखांच्या घरात. इम्पिडन्स ६० ओहम. "३०० ओहम म्हणजे चालवायला जड, ६० म्हणजे हलका" असं जे सर्रास सांगितलं जातं, त्या हिशोबाने हा पाचपट सोपा असायला हवा. पण त्याची सेन्सिटिव्हिटी ८३ डेसिबल. ११० ला पोचायला २७ डेसिबल वर, म्हणजे पाचशेपट: अर्धा वॅट! साडेपाच व्होल्ट आणि ९० मिलिअँपिअर. एचडी ६०० पेक्षा पंचवीसपट पॉवर, आणि ओहम मात्र एक पंचमांश. म्हणजे नुसते ओहम पाहून अ‍ॅम्प ठरवणं हे नुसती उंची पाहून सदरा शिवण्यासारखं आहे. दोन्ही आकडे घ्या, किती व्होल्ट आणि किती मिलिअँपिअर ते काढा, आणि अ‍ॅम्पच्या माहितीपत्रकात तुमच्याच ओहमच्या आसपास तो किती मिलिवॅट देतो ते बघा. '३२ ओहमला २ वॅट' असं ठळक छापलेला अ‍ॅम्प ३०० ओहमला किती देतो, ते बऱ्याचदा खाली बारीक अक्षरात असतं. तेच वाचायचं.

हे सगळं मला तेव्हा माहीत होतं का? होतं. मी केलं का? नाही. मी एक सेकंडहँड ट्यूब अ‍ॅम्प घेतला, महिन्याच्या घरभाड्याहून महाग. ओटीएल प्रकारचा, म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेला. काळोखात केशरी उजेड पडतो, फार सुंदर दिसतो. खरं सांगतो, निम्मे पैसे त्या उजेडाचे होते.

बाबांनी ऐकला. म्हणाले, "हां, आता पुढं बसलो." मी खूश. चार दिवसांनी जेवताना म्हणाले, "तुझ्या त्या दिव्याच्या पेटीत खरज सुजतोय. आणि जवारी बंद आहे."

मी म्हटलं, "बाबा, त्याला उबदार आवाज म्हणतात. लोक मुद्दाम हाच घेतात."

"घेऊ देत की," म्हणाले. "तंबोरा सुजलाय एवढं खरं."

त्या दिवशी मी तिसरा आकडा काढायला बसलो, जो डब्यावर नसतो. अ‍ॅम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पिडन्स. हल्लीच्या चांगल्या सॉलिड स्टेट अ‍ॅम्पचा तो एका ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. माझ्या ट्यूबवाल्याचा १२० च्या घरात. एकेकाळी हेडफोनच्या जॅकसाठी आंतरराष्ट्रीय मानकातही १२० ओहमच होते, त्यामुळे हा काही दोष म्हणता येत नाही. पण परिणाम होतो तो असा. एचडी ६०० चे ३०० ओहम सगळीकडे ३०० नसतात. खाली ८० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात ते पाचशेच्या वर चढतात. अ‍ॅम्पचे १२० आणि हेडफोनचे ३०० किंवा ५२०, यांच्यात व्होल्टेजची वाटणी होते. जिथे हेडफोनचे ओहम जास्त, तिथे त्याचा वाटा जास्त. हिशोब केला तर त्या पट्ट्यात आवाज बाकीच्यापेक्षा साधारण १ डेसिबलने वर येतो.

आणि तंबोऱ्याचा खरज कुठे असतो? काळी चारला गाणाऱ्या बाईंचा खरजाचा षड्ज १०४ हर्ट्झला. काळी एकला गाणाऱ्या बुवांचा ६९ ला. म्हणजे तो उंचवटा नेमका खरजावर बसतो. मिरजेच्या माणसाने कानाने जे सांगितलं, ते मला कागदावर सापडायला एक रात्र लागली.

इथे एक खुलासा, कारण यावर फार भांडणं होतात. अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या एक अष्टमांशाच्या आत हवा, असा ठोकताळा आहे. चांगला आहे, पण सगळीकडे सारखा लागत नाही. प्लेनर हेडफोनचे ओहम वरपासून खालपर्यंत जवळपास सपाट असतात, त्यामुळे तिथे १२० ओहमने सूर बिघडत नाही, फक्त ताकद जाते. ३७ ओहमच्या प्लेनरला या ट्यूबवाल्याच्या व्होल्टेजपैकी पाव हिस्सासुद्धा मिळत नाही, आणि करंट द्यायला तो अ‍ॅम्प बनलेलाच नाही. उलट कानात घालायचे अनेक ड्रायव्हरवाले इअरफोन घ्या. त्यांचे ओहम १० पासून ४०-५० पर्यंत वरखाली होतात, तिथे १० ओहमचा अ‍ॅम्पसुद्धा गाण्याचा चेहरा बदलतो. शिवाय त्यांना इतकी कमी पॉवर लागते की दांडग्या अ‍ॅम्पवर सुरुवातीलाच 'स्स्स' ऐकू येतं आणि नॉब जरा हलवला की कानठळ्या. ३०० ओहमच्या हेडफोनला ट्यूब आवडला तर खुशाल घ्या, ती चव आहे. मला ती अजूनही रात्री दहानंतर आवडते.

पण चव ठरवण्याआधी दोन्ही अ‍ॅम्पचा आवाज सारखा करा. हे न करता केलेल्या तुलनेला काहीही अर्थ नाही, मग करणारा कितीही मोठा जाणकार असो. एक डेसिबल मोठा वाजणारा अ‍ॅम्प मोठा वाटत नाही, 'चांगला' वाटतो. एस. पी. रोडवर, पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर साधा मल्टिमीटर मिळतो. वाय स्प्लिटर लावा, एका बाजूला हेडफोन, दुसऱ्या बाजूला मोकळी केबल घालून तिच्या पिनवर मल्टिमीटर. ४०० हर्ट्झचा सरळ सूर वाजवा आणि दोन्ही अ‍ॅम्पवर एसी व्होल्टचा आकडा एक टक्क्याच्या आत जुळवा. १०० हर्ट्झ घेऊ नका, तिथे तर उंचवटाच आहे. आणि मोजायचं ते फक्त जॅकवर. ट्यूब अ‍ॅम्पची पेटी उघडायची नाही, आत जिवावर बेतेल एवढं व्होल्टेज असतं.

मी मित्राकडून सॉलिड स्टेट अ‍ॅम्प आणला, आवाज जुळवला, बाबांना पाठमोरं बसवलं. खरजाची सूज उतरली, हे त्यांनी लगेच सांगितलं. मी विजयी मुद्रेने पुढे आलो तर म्हणाले, "पण जवारी अजून बंदच."

मी केबल बदलली. डॅक बदलला. बॅलन्स्ड जोडणी केली. (घरात अर्थिंग नीट नव्हतं, त्यात लॅपटॉपच्या चार्जरची गुणगुण आली, ती बॅटरीवर चालवून घालवली. तीन पिनांपैकी अर्थची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.) प्रत्येक बदलानंतर बाबा म्हणायचे, "जरा मोठं कर." एक दिवस विमान गेलं आणि त्यांनी नॉब वर नेला. विमान गेल्यावर खाली आणला नाही. हा हेडफोन उघड्या पाठीचा आहे, बाहेरचा आवाज जराही अडवत नाही. मारतहळ्ळीच्या दुपारी रस्त्याशी स्पर्धा करत नॉब वरवर चढतो, ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

मल्टिमीटर जोडलेलाच होता. गाणं चालू असताना आकडा नाचत होता, साधारण ०.४५ व्होल्टच्या आसपास. या हेडफोनवर ते ढोबळमानाने ९५ डेसिबल होतात. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा, की ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतील. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८३ ला २०, ८६ ला १०, ८९ ला ५, ९२ ला अडीच, ९५ ला सव्वा तास. आठवड्याला! बाबा रोज दोन तास ऐकत होते. आणि मी त्यांना दर महिन्याला जास्त ताकदीचा अ‍ॅम्प आणून देत होतो.

जवारी म्हणजे काय, ते बाबांनीच मला लहानपणी सांगितलं होतं. घोडीवर दोरा सरकवतात आणि तार उघडते, तेव्हा जे झळाळतं ते वरचे स्वर असतात, मूळ स्वराच्या कितीतरी पट वरचे. वयाबरोबर कान आधी तिथेच जातो. ऑडिओग्राम काढला. दोन हजार हर्ट्झपर्यंत रेष ठीक, पुढे घसरगुंडी. खरज त्यांना माझ्याइतकाच ऐकू येत होता. जवारी कुठल्याच अ‍ॅम्पवर उघडणार नव्हती. कागद हातात घेऊन ते बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे शेवटची दोन-तीन वर्षं मी गल्लीत मान हलवत होतो, ती उगाचच?" मला उत्तर देता आलं नाही.

आता बोलण्यासाठी श्रवणयंत्र आहे. गाणं ऐकताना ते काढतात, आणि मी सॉफ्टवेअरमध्ये तीन हजारच्या वर ६ डेसिबल चढवून दिलेत. त्यासाठी आधी सगळा आवाज ६ डेसिबलने खाली घ्यावा लागतो, नाहीतर वरचे स्वर फाटतात. म्हणजे तेवढंच ऐकायला अ‍ॅम्पकडे दुप्पट व्होल्टेज शिल्लक हवं. अडीचच्या जागी पाच. मित्राच्या अ‍ॅम्पमध्ये ते होतं, म्हणून त्याच्याकडून विकत घेतला. दिव्याची पेटी माझ्या खोलीत गेली. अ‍ॅम्प कुठला घेऊ, याला अख्ख्या वर्षात मी हिशोबाने दिलेलं हे पहिलं उत्तर.

जवारी पूर्ण उघडली का? "अर्धी," म्हणतात बाबा. "अर्धी पुरे."

ऐकण्याची वेळ पहाटे पाचची ठेवली आहे, रस्ता जागा व्हायच्या आत. नॉबवर ८० मिलिव्होल्टच्या जागी खूण करायची होती. मी मार्कर शोधत होतो. बाबांनी आईच्या डबीतली एक टिकली काढून तिथे चिकटवली. तिच्या पुढे नॉब जात नाही.