पुस्तक मिटल्यावर काय वाजवायचं?

आज पियानोबद्दल बोलूया. मी आठवडाभर कोड लिहितो आणि शनिवार-रविवार चार-पाच मुलांना पियानो शिकवतो. तीन-तीन ग्रेड पास झालेली मुलंही पुस्तक मिटलं की हात मांडीवर ठेवून बसतात. दुसऱ्याचा कोड नुसता वाचून कोणी प्रोग्रामर होत नाही, पण संगीतात आपण हे चालवून घेतो.

"स्वतःचं सुचायला देणगी लागते हो," असं पालक म्हणतात. मला नाही पटत. अठराव्या शतकातलं नेपल्स बघा. तिथली संगीतविद्यालयं मुळात अनाथाश्रम होती. मुलांना पोटापाण्यासाठी कला हवी होती. मास्तर बहुतेक वेळा फक्त खालची, बासची ओळ देत. वरचं संगीत मुलांनी वाजवता वाजवता जुळवायचं. याला पार्तिमेंतो म्हणतात. बाखनेही १७२३ मध्ये 'इन्व्हेन्शन्स'च्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय, की यातून नव्या कल्पना सुचाव्यात, त्या फुलवता याव्यात आणि रचनेची गोडी लागावी. आपण मात्र त्या बोटांचा व्यायाम म्हणून घोटतो.

मग सुरुवात कुठून करायची? काळ्या पट्ट्यांपासून. काळी तीनला सा धरला, तर पाच काळ्या पट्ट्या म्हणजे सरळ भूपाचे स्वर. डाव्या हातात सा आणि पंचम संथ लयीत चालू ठेवायचे. मी उजव्या हाताने चार मात्रांचा प्रश्न वाजवतो आणि तो सा सोडून दुसऱ्या कुठल्याही स्वरावर थांबवतो. मुलाने चार मात्रांत उत्तर द्यायचं आणि सा वर यायचं. बस्स, एवढाच नियम. 'काहीही वाजव' म्हटलं की मूल बावरतं. पाचच स्वर दिले की हात चालायला लागतो.

दहा मिनिटं हे मोबाईलवर रेकॉर्ड करायचं. मग ऐकून एकच आवडलेली ओळ निवडायची, ती पुन्हा वाजवायची, शेवट बदलून बघायचा, वहीत उतरवायची. झाली की रचना! इम्प्रोव्हायझेशनमध्ये खोडरबर नसतो, रचनेत असतो. फरक मुख्यतः तेवढाच.

यातली बहुतेक मुलं काही मंचावर जाणार नाहीत. परीक्षा संपल्या की पियानोवर कपडा पडतो. पण ज्याला स्वतःच्या चार ओळी जुळवता येतात, त्याला पस्तिसाव्या वर्षीही त्या बाकावर बसायला कारण उरतं. शिक्षकांनो, तासातली शेवटची दहा मिनिटं त्यासाठी राखून ठेवा. भेटू पुढच्या भागात!