हे गाणे कोणाचे?



आम्हांला येथे बोलावताना चालकांनी एक अट घातली होती. व्याख्यान देऊ नका, श्रोत्यांच्या चिठ्ठ्यांना उत्तरे द्या. आम्ही ती आनंदाने मान्य केली, कारण तयारी श्रोत्यांनी करायची आणि नारळ आम्ही घ्यायचा, असा सौदा रोज मिळत नाही! दुपारी पेटीतल्या चिठ्ठ्या चाळल्या. विषय लोकप्रिय गाण्यांचा, जुन्या आणि आजच्या. गंमत अशी की, बहुतेक चिठ्ठ्यांतला प्रश्न फिरून फिरून एकच निघाला : हे गाणे कोणाचे?

काही उत्तरे उभ्या उभ्या देऊन टाकतो. गीतरामायणात गाणी किती? ५६. गदिमांनी ती लिहिली, सुधीर फडक्यांनी चाली दिल्या आणि १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे आकाशवाणीने ती ऐकवली. 'बिनाका गीतमाला' सिलोनवरून का लागे? १९५२ साली नभोवाणीमंत्री बाळकृष्ण केसकर, म्हणजे आपलेच मराठी गृहस्थ, यांनी आकाशवाणीवरची चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली. त्याच डिसेंबरात अमीन सयानी सिलोनवरून ती ऐकवू लागले. 'सैराट' २०१६ चा; त्यातले 'झिंगाट' लिहिले कोणी? अजय-अतुल यांनीच लिहिले, चाल त्यांनीच दिली आणि गायलेही त्यांनीच. असे सोपे प्रश्न आम्हांला फार आवडतात.

आता एका चिठ्ठीपाशी जरा थांबू. एक गृहस्थ लिहितात, ''गाणे गोड लागल्याशी कारण; कर्त्याचे नाव घोकून काय मिळते?'' प्रश्न टोचणारा आहे, म्हणूनच चांगला आहे.

१९४९ साली 'महल' चित्रपट आला. त्यातले 'आयेगा आनेवाला' घरोघर पोहोचले, परंतु त्याच्या तबकडीवर गायिकेचे नाव होते 'कामिनी'. कामिनी ही कोण? तर पडद्यावर मधुबालाने रंगवलेली व्यक्तिरेखा! गळा लता मंगेशकरांचा आणि नाव एका कल्पित बाईचे. रेडिओ केंद्राकडे श्रोत्यांची पत्रे येऊ लागली, गाणारी कोण ते सांगा. शेवटी केंद्राने रेकॉर्ड कंपनीकडे चौकशी केली आणि खरे नाव जाहीर केले. पार्श्वगायकाचे नाव तबकडीवर छापण्याची वाट मोकळी झाली, तिच्यात या पत्रांचा वाटा मोठा आहे. म्हणजे आपण ज्याला रिकामपणाची चौकशी म्हणतो, तिने कोणाला तरी स्वतःच्या कामावर स्वतःचे नाव मिळवून दिले. तरी फिल्मफेअरने पार्श्वगायनाला पारितोषिक देण्यास १९५९ साल उजाडले. आणि त्या गाण्याचे संगीतकार खेमचंद प्रकाश १९५० मध्येच वारले. गीतकार नक्शब यांचे नाव तर आज कोणी विचारतही नाही.

नाव झाकून ठेवणारेही असतात. 'साधी माणसं' (१९६५) या चित्रपटाचे संगीतकार 'आनंदघन' कोण, असे तिघांनी विचारले आहे. त्या लता मंगेशकरच. पण स्वतः नाव झाकणे वेगळे आणि दुसऱ्याने पुसून टाकणे वेगळे.

'जय जय महाराष्ट्र माझा' २०२३ साली राज्यगीत झाले. कोणाचे, असे विचारले की सगळी सभा एकमुखाने शाहीर साबळे म्हणेल. गळा त्यांचा खराच. पण शब्द राजा बढ्यांचे आणि चाल श्रीनिवास खळ्यांची.

जुन्या लोकांची सोय याहून पक्की होती. ज्यांच्या कीर्तनासाठी औंढ्याचे देऊळ फिरले अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो, त्या नामदेवांनी आपले नाव अभंगाच्या शेवटच्या चरणातच ओवले. गाणारा कोणीही असो, नाव गाळायचे तर अभंगच मोडावा लागतो. वामनदादा कर्डकांच्या गीतांतही शेवटी 'वामन' येतो तो याच रीतीने. पुढे चित्रपटगीतातून ही नाममुद्रा गेली आणि तिची जागा तबकडीवरच्या कागदाने घेतली. आता तबकडी गेली, तो कागदही गेला, आणि भ्रमणध्वनीवर आलेल्या गाण्याखाली पाठवणाऱ्याचेच नाव ठळक दिसते.

शेवटची चिठ्ठी पेन्सिलीने लिहिलेली आहे. ''माझी आई जात्यावर म्हणायची त्या ओव्या कोणाच्या?'' बाई, त्या तुमच्या आईच्या! तिच्या आईच्या आणि आळीतल्या सगळ्या दळणाऱ्यांच्याही, हे खरे; पण ज्या ओळीत तिने आपल्या लेकाचे, भावाचे नाव घातले, ती तिचीच. हेमा राईरकर आणि गी पॉईत्व्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या टिपून घेतल्या आणि म्हणणारीचे नाव, गाव त्यांच्याबरोबर नोंदले. आपल्या मराठवाड्यातल्या माजलगावच्याही ओव्या त्यांत आहेत. बीडच्या ओव्या नोंदल्या गेल्या, मग जवळ्याच्या का नकोत?

चालकांना विचारून आम्ही एक कोरी वही या टेबलावर ठेवली आहे. सभा संपल्यावर अर्धा तास आम्ही येथेच बसणार आहोत. ज्या बाईंनी चिठ्ठी लिहिली त्यांनी पुढे यावे आणि आधी आईचे नाव सांगावे; ओवी त्यानंतर लिहून घेऊ.