वेतनाची बोलणी आणि आमच्या मुली



लग्नाच्या यादीवर दोन दोन दिवस घासाघीस करणारे आम्ही लोक, मुलीस नोकरी लागली की मात्र 'देतील ते घे' असा उपदेश करतो. स्त्रीस्वभावच भिडस्त, असे यावर सांगण्यात येते. ते आम्हांस पटत नाही. अमेरिकेतील अर्थशास्त्रज्ञ लिंडा बॅबकॉक यांनी कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांची पाहणी केली. ती २००३ च्या त्यांच्या ग्रंथात आली आहे. पहिल्या वेतनाविषयी बोलणी करणारे पुरुष शेकडा ५७, स्त्रिया अवघ्या ७! परंतु २००७ साली त्यांनीच सहकाऱ्यांसह प्रयोगाने दाखविले, की अधिक वेतन मागणारी स्त्री जितकी अप्रिय ठरते तितका पुरुष ठरत नाही. तेव्हा तिचे मौन हा भित्रेपणा नव्हे. तो अनुभवाचा हिशेब आहे. पुढे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लायब्रांट व लिस्ट यांच्या प्रयोगात, वेतन चर्चेने ठरेल असे जाहिरातीत स्पष्ट लिहिताच हा स्त्रीपुरुषभेद मावळला.

आमच्या ज्ञातीतील कारखानदार बंधू येथे पुढील रांगेतच बसले आहेत. त्यांनी आपल्या जाहिरातींत तेवढे वाक्य घालावे, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळाकडे आजच लेखी दिली आहे.