नऊ महिने, सहासष्ट पुस्तके
(मिशनच्या हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आम्हा उभयतांना पवित्र शास्त्राच्या निवासी अभ्यासक्रमाला पाठवताना आपल्यापैकी काहींनी विचारले होते, "बाईंनी ईश्वरविज्ञानाची पदविका घेतली आहे, मग आता आणखी नऊ महिने कशाला?" प्रश्न रास्त होता. पदविकेला शास्त्राविषयीची पुस्तके असतात. तेथे मात्र पुस्तक एकच होते.

नियम असा की 66 पुस्तकांपैकी प्रत्येक पुस्तक पाच वेळा वाचायचे. पहिल्यांदा मोठ्याने. मग परिच्छेदांना मथळे द्यायचे, रंगीत पेन्सिलींनी खुणा करायच्या, तक्ता काढायचा. आधी काय लिहिले आहे ते पाहायचे, नंतर पहिल्या वाचकांना त्यातून काय कळले असेल ते शोधायचे आणि आपण काय करावे हे सर्वांत शेवटी. उपदेशाची सवय असलेल्यांना शेवटाकडे धावायची घाई असते. तशी वही शिक्षक न तपासता परत देत. 1189 अध्याय पाच वेळा म्हणजे रोज सरासरी 22 अध्याय झाले. गणनामधल्या शिरगणतीच्या याद्या पाचव्यांदा वाचताना काय वाटते, ते ज्याने त्याने अनुभवावे.

माझे यजमान मोखाड्याकडचे, शिक्षण दहावी, वाचन ओळीवर बोट ठेवून. पहिल्याच महिन्यात त्यांनी बॅग भरली होती. मग आम्ही तोड काढली. मी वाचायचे, त्यांनी ऐकायचे आणि कुठे कोणता रंग लावायचा ते सांगायचे. मार्काच्या सहाव्या अध्यायात पाच हजारांना जेवू घालण्याचा प्रसंग चालू होता. त्यांनी मला थांबवले. "लोक हिरव्या गवतावर बसले म्हणता. आणि योहान म्हणतो वल्हांडण जवळ आला होता. वल्हांडण म्हणजे आपला चैत्र. चैत्रात हिरवे गवत कुठून आले?" आमच्याकडे तेव्हा डोंगर करपलेले असतात. शिक्षकांनी सांगितले की त्या देशात पाऊस हिवाळ्यात पडतो, म्हणून वसंतात रान हिरवे असते. म्हणजे दोन शुभवर्तमानांतले दोन शब्द एकमेकांना साक्ष देत होते, आणि ते वर्गात फक्त शेतकऱ्याच्या कानाला ऐकू आले. त्या दिवसापासून बॅगेचा विषय निघाला नाही.

परत आल्यावर शिकवण्याची वेळ आली. पाड्यावर मी बायकांसाठी रूथचे पुस्तक निवडले. चारच अध्याय, एका संध्याकाळी वाचून होतात. सरवा वेचणे म्हणजे काय हे समजावण्याची गरजच पडली नाही. शेतात पडलेल्या लोंब्या गोळा करून त्यांतल्या कित्येकींनी पोरे वाढवली आहेत. शेताच्या कडा गरिबासाठी व परक्यासाठी सोडाव्यात हा लेवीयमधला नियमही त्यांना चटकन पटला. पण बवाज आपल्या गड्यांना पेंढ्यांमधून मुद्दाम काही लोंब्या खाली टाकायला सांगतो आणि तिला बोलू नका म्हणतो, तिथे एक म्हातारी म्हणाली, "मंग तिला मागावं नाय लागलं. कोणी दिलं तेबी कळलं नाय."

बंधुभगिनींनो, हे ऐकून मी घरी आले आणि कपाटातले फोटो काढून बसले. दर हिवाळ्यात आपण प्रेमाने घोंगड्या पाठवता. आम्ही रांग लावतो, घोंगडी हातात देतो, फोटो काढतो आणि तो याच पत्रिकेत छापला जातो. रांगेतल्या बायकांच्या माना फोटोत खाली आहेत. यजमानांशी बोलून आम्ही ठरवले की यंदा रांग नाही आणि फोटोही नाही. घोंगड्या पाड्यावरच्या बायकांच्या गटाकडे दिल्या. कोणाच्या घरात किती हव्यात हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले माहीत आहे. हिशेबाची वही कार्यालयात आहे, कोणीही येऊन पाहावी. काही देणगीदारांना हे रुचणार नाही याची मला कल्पना आहे. एकाने तसे कळवलेही. त्यांना मी रूथचा दुसरा अध्याय पाच वेळा वाचण्याची विनंती केली आहे.

शिकवण्याचे वेळापत्रक मात्र आमच्या हातात नाही. दिवाळीनंतर निम्मा पाडा भिवंडी-वाड्याकडच्या वीटभट्ट्यांवर जातो, तो पावसाच्या तोंडाशी परततो. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा शेठकडून बयाणा घेतलेला असतो, त्यामुळे जाणे चुकत नाही. म्हणून या हंगामात यजमान भट्टीवर जाऊन शिकवणार आहेत. दिवसभर चिखल तुडवलेल्या माणसाला रात्री अर्धा तास जागे ठेवता येते, जास्त नाही. त्यांनी फिलेमोनाचे पत्र निवडले आहे, 25 वचनांचे. गुलाम अनेसिमाचे काही देणे असेल तर ते माझ्या नावावर मांड, असे पौल त्याच्या धन्याला लिहितो. बयाण्याच्या वहीत ज्यांचे अंगठे आहेत, ते हे ऐकून काय विचारतील, याची तयारी आम्ही दोघे रोज रात्री करत आहोत.

आम्हाला मोठ्या अक्षरांतली मराठी शास्त्रे हवी आहेत, कारण भट्टीवर उजेड कमी असतो. रंगीत पेन्सिलीही हव्यात. लहान मुलांनी आधीचा डबा संपवला.