पथ्याचा जुना कागद

(देवस्थानच्या वर्धापनदिनी महाजन मंडळींपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा मंगल दिवशी एका निवृत्त कारकुनाने आजारपणाविषयी बोलावे, हे काहींना अप्रशस्त वाटेल. परंतु डायलिसिसवर असलेल्या माणसाच्या ताटाविषयी माझ्या हातून एक चूक घडली आहे. ती सांगितल्याने एखाद्या घरी उपयोग होईल, एवढ्याच हेतूने मी उभा आहे.

माझ्या थोरल्या बंधूंची मूत्रपिंडे क्षीण होऊ लागली तेव्हा डॉक्टरांनी प्रथिने कमी करण्यास सांगितले. ते योग्यच होते. प्रथिनांपासून निर्माण होणारा युरिया बाहेर टाकण्याचा भार त्या दुबळ्या मूत्रपिंडांवरच पडतो. पथ्याचा कागद मी सुवाच्य अक्षरांत लिहून स्वयंपाकघरात लावला. तीन वर्षांनी डायलिसिस सुरू झाले, पण कागद तेथेच राहिला आणि वहिनी त्याबरहुकूम मासळीचा एक लहानसा तुकडा वाढीत राहिल्या. रद्द झालेल्या परिपत्रकावर कारभार हाकणाऱ्या कारकुनांना मी नोकरीभर हसत आलो होतो!

डायलिसिस सुरू होताच प्रथिनांचा नियम उलटतो. यंत्राद्वारे होणाऱ्या एका रक्तशुद्धीत युरियाबरोबर सुमारे ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्लेही वाहून जातात. पोटातून केल्या जाणाऱ्या डायलिसिसमध्ये रोज ५ ते १५ ग्रॅम प्रथिने जातात. २०२० साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी प्रसृत केलेल्या मार्गदर्शनानुसार, प्रकृती स्थिर असलेल्या अशा रुग्णास वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने आणि २५ ते ३५ किलोकॅलरी ऊर्जा मिळावी. म्हणजे ५५ किलोच्या माणसास ५५ ते ६६ ग्रॅम प्रथिने. ऊर्जा अपुरी पडली तर शरीर ही प्रथिनेच जाळते, म्हणून भातही पोटभर हवा.

बंधूंना मात्र भूकच नव्हती. रक्तात साचलेली द्रव्ये, तोंडाची बिघडलेली चव, मूठभर गोळ्या, मनाची खिन्नता, आणि डायलिसिसच्या दिवशी जाण्यायेण्यात चुकणारे जेवण, ही सारी कारणे होती. रक्तातील आम्लता व शरीरातील दाह स्नायूही झिजवतात. आम्हांस हे उमगले नाही, कारण काटा वजन तेच दाखवीत होता. येथेच खरी फसगत आहे. मांस झडत होते आणि त्याच्या जागी पाणी साचत होते! दंडावर सैल झालेली सदऱ्याची बाही आधी वहिनींच्या ध्यानात आली, माझ्या नव्हे. मग डॉक्टरांनी पाणी काढल्यानंतरचे वजन नव्याने ठरविले, रक्तातील अल्ब्युमिन तपासले, आणि आहारतज्ज्ञ बाईंनी तो कागद मागवून त्यावरील तारीख पाहिली.

आता मासळी व अंड्याचा पांढरा भाग नियमाने असतो. श्रावणात वा सोमवारी मासळी वर्ज्य असेल तेव्हा पनीर किंवा डाळ किती घ्यावी, हे त्या बाई रक्ताचा अहवाल पाहून सांगतात. कारण दुधात फॉस्फरस आहे आणि डाळीत पोटॅशियमही. फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी जेवणासोबतच घ्यायची. रिकाम्या पोटी घेऊन तिचा हेतू साधत नाही. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकडायची आणि ते पाणी फेकायचे. आमच्या वहिनींना हे पाप वाटे, अजूनही वाटते. सुकी मासळी, लोणचे, पापड तहान वाढवितात, म्हणून ते बंदच. शहाळ्यातील पोटॅशियम हृदयाची गती बिघडवू शकते. आणि परसातले करमल तर मुळीच देऊ नये. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाच्या मेंदूवर त्यातील विषाचा परिणाम होऊन प्राणावर बेतू शकते.

निर्जळी उपवासाविषयी मला विचारण्यात आले. देवाच्या मनातले मी जाणत नाही. पण डायलिसिसच्या माणसाला उपाशी ठेवू नये, असे डॉक्टरांनी आम्हांस निक्षून सांगितले आहे.

ज्यांच्या घरी असा रुग्ण असेल त्यांनी आज घरी गेल्यावर पथ्याचा कागद काढून त्यावरील तारीख पाहावी. ती डायलिसिसपूर्वीची असेल तर पुढच्या खेपेस तो डॉक्टरांपुढे ठेवावा. बंधू आज पहिल्या रांगेत बसले आहेत. महाप्रसादाच्या पंगतीत त्यांच्या पानावर भात कमी वाढू नये, आणि शहाळे पुढे आले तर ते माझ्या हाती द्यावे.