मुक्या सोबत्याची भाकरी



१९७२ च्या कायद्याने शिकारीवर निर्बंध आले. तथापि मुधोळ जातीचे शिकारी कुत्रे आजही रानात राखणीस धावते. धावावयाचे म्हणून त्यास सकाळीच पोटभर भाकरी घालण्यात माया असली तरी घातही आहे. अशा खोल छातीच्या कुत्र्याच्या भरल्या पोटास फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. मग काही तासांतच प्राण जातो. म्हणून आम्ही सुचवितो की, मुख्य जेवण आदल्या सायंकाळी द्यावे. त्याचेच बळ दुसऱ्या दिवशी पुरते. कामावर पाणी थोडेथोडे पाजावे. परतल्यावर धाप शमू द्यावी, तासाभराने जेवू घालावे. पोट फुगून कोरड्या ओकाऱ्या येऊ लागल्यास तत्काळ पशुवैद्य गाठावा. मुक्याची वेदना ओळखणे हे धन्याचे कर्तव्य होय.