जुन्या कपाटाला नवा रंग

आमच्या बचत गटाच्या खोलीत भंगारातून आणलेलं लाकडी कपाट आणि दोन बाकं आहेत. गेरूच्या रंगावर पांढरी वेलबुट्टी आम्हीच काढली. पण जुना रंग घासताना जपायला हवं. घरगुती रंगातल्या शिशावर नोव्हेंबर २०१७पासून कायद्याची कडक मर्यादा आहे. त्याआधीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं जास्त असू शकतं. त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला आणि पोटातल्या बाळाला बाधते.

म्हणून आम्ही घराबाहेर, खाली प्लास्टिक अंथरून, पाणी लावत वॉटर पेपरनं घासलं. मुलं आणि गरोदर बायका लांबच. झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसलं, हात-तोंड धुतलं. लाकूड वाळल्यावर प्राइमर, मग रंगाचे दोन हात. तुम्हीही असंच करा. खोली सजेल, लेकरंही सुखरूप राहतील.